थेंबा, तू कुठल्या नदीचा?

कल्याणहून माळशेज घाट चढून वर आलं की पुढे जुन्नर तालुक्यातलं मढ लागतं. एकीकडे पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी, दुसरीकडे हरिश्चंद्रगडाचा डोंगर. गणितातली एक गोष्ट मला पुस्तकात कधी उमगली नव्हती. ती इथल्या पावसानं समजावली.

या डोंगरांवर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला विचारा, 'बाबा रे, तू कुठल्या नदीचा?' वाटेत आटला नाही, तर घाटाखाली कोकणात उतरलेला थेंब काळू नदीतून उल्हासला मिळतो. मढच्या बाजूचा कुकडी, घोड, भीमा करीत कृष्णेला जातो. गडाच्या उत्तरेचा मुळा-प्रवरेतून गोदावरीला.

प्रत्येक थेंबाचं उत्तर एकच. अशा नेमाला गणितात 'फलन' म्हणतात. ज्यांचं उत्तर सारखं, ते एका गटात. थेंब स्वतःसारखा असतोच. पहिला दुसऱ्यासारखा, तर दुसराही पहिल्यासारखा. पहिला दुसऱ्यासारखा, दुसरा तिसऱ्यासारखा, तर पहिला तिसऱ्यासारखा. हा झाला 'सममूल्य संबंध'. यात कुणी गटाबाहेर राहत नाही, कुणी दोन गटांत नसतो. उत्तरं तीन, म्हणून गटही तीनच.

'शेजारी' हे नातं मात्र असं नाही. मढच्या शेजारचं गाव, त्याच्या शेजारचं गाव, असं करत पुणं येईल. म्हणून पुणं काही मढचं शेजारी होत नाही.

आता प्रश्न बदला : 'तू कुठल्या समुद्राचा?' कृष्णा आणि गोदावरी, दोघी बंगालच्या उपसागराला मिळतात. उल्हास अरबी समुद्राला. तिनाचे दोन गट झाले. 'कुठून आलास?' विचारा, सगळे म्हणतील, 'आभाळातून.' गट एकच! थेंब तेच, डोंगर तोच. गट कोणते पडणार, हे प्रश्न निवडतानाच ठरतं.

एस.टी.त शेजारचा माणूस माझं नाव विचारतो. मी सांगतो आणि माझा गट ठरून जातो. त्याचा प्रश्न चुकीचा नाही, माझं उत्तरही खोटं नाही. पण 'कविता कुठल्या भाषेत करता?' असं विचारलं असतं, तर आम्ही दोघं मराठीच्या एकाच गटात बसलो असतो.

एकदा मढच्या स्टँडवर पावसानं गाठलं. पत्र्याखाली एक म्हातारबाबा सरकून उभे राहिले, मला जागा केली. नाव नाही विचारलं. म्हणाले, "कुठं निघाला?"

"ओतूरला."

"मंग चला, मीबी ओतूरलाच."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)