मदत वरून नको, बरोबरीने हवी

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासवर्गातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल दिवशी समितीने आम्हा अभ्यासवर्गाला ‘धम्म आणि समाजसेवा’ हा विषय दिला. आम्ही बोलणार आहोत इंडोनेशियाबद्दल. तुम्ही म्हणाल, आपल्याच दारातले प्रश्न काय कमी आहेत, की हे समुद्रापलीकडे निघाले? पण त्याला दोन कारणे आहेत. एक जुने आहे आणि एक अगदी गेल्या पावसाळ्यातले.

जुने कारण असे. नालंदाच्या उत्खननात एक ताम्रपट सापडला आहे. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या सुमात्रा-जावाकडचा राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे एक विहार बांधविला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने त्या विहाराला पाच गावे लावून दिली. कशासाठी? तर भिक्खूंच्या निर्वाहासाठी, आजाऱ्यांच्या औषधासाठी, ग्रंथ लिहून घेण्यासाठी आणि डागडुजीसाठी. म्हणजे एके काळी दानाचा ओघ तिकडून इकडे येत होता. जावातले बोरोबुदूर त्याच सुमाराचे. बुद्धाच्या पाचशे चार मूर्ती आणि हजारो शिल्पपट असलेला हा महास्तूप आजही उभा आहे. मात्र त्या देशात आज बौद्ध शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. अशा ठिकाणी मूठभर बौद्ध आणि इतर माणसे गोरगरिबांसाठी कशी राबली, हे आपल्याला कळायला हवे.

दुसरे कारण सांगताना थोडी लाज वाटते, पण आपल्याच माणसांपुढे सांगायला काय हरकत आहे! गेल्या पावसाळ्यात नाल्याचे पाणी मागच्या झोपड्यांत शिरले. तिथे बाहेरगावाहून आलेली, नाक्यावर उभी राहून काम मिळविणारी कुटुंबे राहतात. आम्ही वर्गणी जमवली, तांदूळ-डाळ-तेल आणि चादरी घेतल्या. इथपर्यंत ठीक. पण वाटपाच्या दिवशी आम्ही बॅनर लावला, लोकांना रांगेत उभे केले आणि पिशवी देताना प्रत्येकाचा फोटो काढला. एका बाईने फोटोच्या वेळी पदर तोंडावर ओढून घेतला, पिशवी घेतली आणि मागे न बघता गेली. त्या संध्याकाळी आम्ही खुशीत चहा पीत बसलो असताना आपल्या विहारातल्या एक वयोवृद्ध उपासिका म्हणाल्या, “माझ्या आईला गावात पाणी प्यायचं झालं तर ओंजळ धरावी लागायची, आणि वरून पाणी ओतायचे. आज तुम्हीपण वरूनच ओतलंत.”

आम्ही सगळे गप्प झालो. मग ठरले, की यंदाच्या वर्षावासात दुसरे काही नको, मदत कशी करावी हेच शिकायचे. भगवान बुद्धांनी लोकांना जोडून ठेवणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांना संग्रहवस्तू म्हणतात: दान, पेय्यवज्ज म्हणजे प्रिय वाणी, अत्थचरिया म्हणजे दुसऱ्याच्या खऱ्या हिताचे आचरण, आणि समानत्तता म्हणजे बरोबरीची वागणूक. या चार गोष्टी हाताशी धरून आम्ही इंडोनेशियातले अनुभव वाचले.

पहिले दान. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचेह प्रांतात, भूकंप झाला आणि त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून एकट्या इंडोनेशियात दीड लाखाहून जास्त माणसे गेली. सगळ्या जगाने मदत पाठवली. पण पुढे काय झाले ते ऐका. सुमारे चार हजार टन औषधे आली, त्यातली निम्म्याहून अधिक त्या देशाच्या गरजेच्या यादीत बसत नव्हती. कित्येकांवरची अक्षरे तिथल्या डॉक्टरांना वाचता येत नव्हती. शेकडो टन औषधे शेवटी नष्ट करावी लागली आणि त्याचाही खर्च झाला! मच्छीमारांना होड्या दिल्या गेल्या, पण देणाऱ्यांना समुद्र माहीत नव्हता, म्हणून काही होड्या समुद्रात न्यायच्या लायकीच्याच नव्हत्या. घरे बांधायला घेतली तर जमिनीचे कागद वाहून गेलेले, बांध वाहून गेलेले, साक्षीदार वाहून गेलेले. तेव्हा उरलेल्या गावकऱ्यांना एकत्र बसवून, “इथं अमक्याचं अंगण होतं, इथं तमक्याचं नारळीचं झाड होतं” असे करत हद्दी पुन्हा आखाव्या लागल्या. भाड्याने राहणाऱ्यांचे तर जास्तच हाल. ज्याची जमीन नव्हती त्याचे घर कुठे बांधणार? जो आधीच तळाला होता तो मदतीच्या रांगेतही शेवटी राहिला.

यातून आम्ही एवढेच घेतले, की दान म्हणजे आपल्याकडे जास्त झालेले टाकून देणे नव्हे. आधी विचारावे आणि मग द्यावे. आम्ही चादरी दिल्या, पण त्या घरांना त्या आठवड्यात चूल पेटवायला कोरडे सरपण किंवा रॉकेल हवे होते. आम्ही विचारलेच नव्हते.

दुसरी गोष्ट प्रिय वाणी. इंडोनेशियात विधवा आणि टाकून दिलेल्या बाईला ‘जांदा’ म्हणतात. शब्द साधा, पण त्याच्या मागून कुजबुज चालते, जशी आपल्याकडे चालते. तिथल्या १९७४ च्या विवाह कायद्यात घराचा प्रमुख पती असे लिहिले आहे. मग जिचा पती मेला, पळाला किंवा परगावी गेला, तिचे घर यादीत येणार कुठून? २००१ च्या सुमारास नानी झुल्मीनार्नी या कार्यकर्तीने आचेहसारख्या भागात अशा बायकांचे संघटन सुरू केले. त्याचे नाव पेक्का. त्यांनी ‘विधवांचा प्रकल्प’ असे नाव मुद्दाम टाळले आणि ‘कुटुंबप्रमुख महिला’ हे नाव घेतले. नाव बदलले आणि बाईची मानही ताठ झाली. पुढे त्यांनी बचतगट काढले, अक्षरओळख करून घेतली. आणि सर्वांत चिवट काम म्हणजे लग्नाचे दाखले आणि मुलांचे जन्मदाखले मिळवणे. कागद नाही तर शाळा नाही, सरकारी योजना नाही. हे आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगायला नको. जातीच्या दाखल्यासाठी आपल्या किती पोरांच्या चपला झिजल्या!

बाबासाहेबांच्या चळवळीत आपण माणूस म्हणून नाव मिळवले. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारली जात होती ते आपण विसरलेलो नाही. मग मागच्या वस्तीला ‘ते भय्ये’, ‘ते बिऱ्हाडवाले’ म्हणताना आपली जीभ का अडखळत नाही?

तिसरी गोष्ट अत्थचरिया. तैवानमधील हुआलिएन येथे १९६६ साली भिक्खुणी चेंग येन यांनी त्झू ची ही संस्था स्थापन केली. सुरुवात कशी? तीस गृहिणी रोज बाजारात जाताना थोडी चिल्लर बांबूच्या नळकांड्यात टाकीत. एवढेच भांडवल. १९९० च्या दशकात ही संस्था इंडोनेशियात पोहोचली. तिथे तिचे कार्यकर्ते बहुतेक चिनी वंशाचे. मे १९९८ मध्ये जकार्तात दंगल उसळली, चिनी वंशाच्या लोकांची दुकाने आणि घरे जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले, हजाराहून अधिक माणसे मेली. पैसेवाले कित्येक देश सोडून गेले. हे कार्यकर्ते मात्र राहिले आणि गरीब वस्त्यांत धान्य वाटू लागले. ज्या गल्लीची भीती वाटते त्याच गल्लीत पोते घेऊन जायचे, ही गोष्ट सोपी नाही. समोरच्यालाही संशय, की हे आमचा धर्म बदलायला आले का?

मग २००२ च्या सुरुवातीला जकार्तात मोठा पूर आला. काली आंगके नावाच्या नदीवर अक्षरशः खांबांवर झोपड्या होत्या आणि खाली पाणी दिसू नये इतका कचरा. त्झू चीने धान्य वाटून निरोप घेतला नाही. कामाचा क्रम ठरवला: आधी साचलेले पाणी काढायचे, मग कचरा, मग जंतुनाशक फवारणी, मग मोफत दवाखाना, आणि शेवटी घरे. २००३ मध्ये चेंगकारेंग भागात अकराशे घरांची वसाहत उभी राहिली, सोबत शाळा आणि दवाखाना. तिथल्या बड्या उद्योगपतींनी पैसा दिला हे खरे, पण कचऱ्यात उतरणारेही होते. बोगोरजवळच्या एका मोठ्या इस्लामी निवासी शाळेला या बौद्धांनी तांदूळ पुरवला, आणि आचेहमध्ये वसाहती बांधताना मशिदीचीही सोय केली. कुणाला ‘आमचे व्हा’ म्हटले नाही. हळूहळू असे झाले, की डोक्याला रुमाल बांधलेल्या मुस्लिम भगिनी त्याच निळ्या-पांढऱ्या गणवेशात मदतीला उभ्या राहू लागल्या. मदत घेणारा एक दिवस मदत देणारा होतो, यापेक्षा मोठे फळ आम्हाला तरी दिसत नाही.

पण आमच्या वर्गात एका तरुणाने प्रश्न केला, “पण हे लोक नदीवर राहायला गेलेच का? हे कोण विचारणार?” प्रश्न योग्य आहे. आपण बाबासाहेबांची लेकरे, दयेवर जगायला शिकलेलो नाही. दान हक्काच्या जागी बसू शकत नाही. ज्याचे पोट नदीकाठच्या कामावर आहे त्याला लांब पक्के घर दिले, तरी पोटाचा प्रश्न मागे उरतोच.

म्हणून चौथी गोष्ट, समानत्तता. जावातल्या योग्यकर्ता शहरात काली चोदे नावाची नदी आहे. पुलाखालच्या उतारावर कचरा वेचणारे आणि मिळेल ती मजुरी करणारे लोक राहत. १९८० च्या दशकात सरकारने ती वस्ती पाडायची ठरवली. तेव्हा मांगुनविजया नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू पुढे आले. ते वास्तुशिल्पी होते आणि कादंबरीकारही. त्यांनी उपोषणाला बसण्याचा इशारा दिला आणि वस्ती वाचली. त्यांनी वस्तीप्रमुखाला बरोबर घेतले, बांबू आणि लाकडाची स्वस्त घरे रहिवाशांच्याच हातांनी उभी केली, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी भिंती रंगवल्या. आणि महत्त्वाचे म्हणजे ते स्वतः तिथे राहिले. १९९२ मध्ये या वस्तीला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या मुस्लिमबहुल देशातल्या कामाला मुस्लिम जगाचा मोठा सन्मान! १९९९ साली ते वारले, पण वस्ती उभी आहे.

हे वाचताना आम्हाला विनयपिटकातली गोष्ट आठवली. एक भिक्खू अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता, कुणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, आनंदासोबत स्वतः त्याला धुतले, दोघांनी उचलून अंथरुणावर ठेवले. तथागत स्वतः खाली वाकले. वरून पाणी ओतणे आणि खाली वाकून धुणे, यातले अंतर म्हणजेच धम्म.

उपासक-उपासिकांनो, नुसते बोलून थांबायचे नाही. अभ्यासवर्गातर्फे चार गोष्टी आजच्या सभेपुढे ठेवतो. एक, यापुढे विहारातर्फे मदत देताना कुणाचाही फोटो काढायचा नाही. दोन, प्रत्येक घरात एक डबा ठेवायचा, रोज एक-दोन रुपये टाकायचे आणि पौर्णिमेला विहारात आणायचे. श्रीमंताची वाट बघायची नाही. तीन, दर रविवारी सकाळी दोन तास आपली शिकलेली मुले-मुली विहारात बसतील आणि रेशनकार्ड, जन्मदाखला, शाळाप्रवेश यांचे अर्ज भरून देतील, ज्याला हवे त्याला, कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला. चार, मदतीचे काय करायचे हे ठरवताना मागच्या वस्तीतली दोन माणसे, त्यातली एक बाई, आपल्या बरोबरीने सतरंजीवर बसतील.

समितीने यंदा विहाराला संगमरवरी फरशी घालायचे योजले आहे. बुद्धरूपासमोर चांगली फरशी असावी असे आम्हालाही वाटते. पण आणखी एक वर्ष कोब्यावर बसून वंदना घेतली, तर आमची वंदना कमी होणार नाही. निर्णय सभेचा, आम्ही फक्त विनंती केली.

शेवटी एक सांगायचे राहिले. वर्षावास संपल्यावर आमच्यातल्या तिघीजणी बॅनर-पिशवी काही न घेता त्या पदर ओढणाऱ्या बाईंच्या घरी गेल्या. त्यांनी बसायला पाट दिला आणि पाणी विचारले. आमच्या तिघींनी त्यांच्या तांब्यातले पाणी प्यायले. मग त्या आपणहून म्हणाल्या, “माझ्या पोराचं शाळेत नाव घालायचंय, दाखला नाही. कुणी सोबत याल का?” एक पोर शाळेत जाईल ते जाईल, पण त्या दिवशी पाणी वरून ओतलेले नव्हते.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम, जय भारत.