वाळविलेले मांस : लाज, कायदा आणि आरोग्य
(कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या महिन्यात एका मातेने मला विचारले, "वकीलसाहेब, चान्यांचे नावसुद्धा आम्ही घरातून काढून टाकले. आता माझा मुलगा एअर फ्रायरमध्ये मांस वाळवितो आणि त्याला जर्की म्हणतो. हे पुन्हा मागे जाणे नव्हे काय?" या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनीच करावयास हवा.

प्रथम इतिहास पाहू. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ते मांस आपल्या वाडवडिलांनी हौसेने पत्करलेले नव्हते. गावाने लादलेल्या कामाबरोबर ते पदरी आले होते. एका दिवसात न संपणाऱ्या मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवीत, त्याच चान्या. त्याग करावयाचा होता तो मेलेल्या जनावराच्या मांसाचा व त्यामागील लाचारीचा. वाळविण्याच्या विद्येचा नव्हे. ती विद्या जगभर आहे. 'जर्की' हा शब्दच मुळी दक्षिण अमेरिकेतील क्वेचुआ भाषेतून आलेला आहे. पहिले शील स्मरून ज्यास मांस वर्ज्य करावयाचे असेल, त्याने विचारपूर्वक करावे. लाजेपोटी मात्र करू नये.

आता कायदा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीस पूर्वीपासूनच बंदी आहे व मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. अशा बेकायदा कत्तलीचे मांस जाणूनबुजून बाळगणे हाही गुन्हा आहे. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्यास मनाई करणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द ठरविले व तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. म्हणून म्हशीचेच मांस परवाना असलेल्या दुकानातून घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. वाळलेले मांस कोणत्या जनावराचे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. उद्या कोणी संशय घेतला, तर ती पावती तुमच्या बाजूने बोलेल.

शेवटी आरोग्य. चरबी खवट होते, म्हणून चरबी काढलेले मांस घ्यावे. तासभर फ्रीझरमध्ये ठेवून सुमारे पाच मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापाव्या. मीठ, हळद व तिखट लावून रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यावे. वाळविण्यापूर्वी पट्ट्या मसाल्याच्या पाण्यात उकळाव्या. मांसाच्या आतील उष्णतामान ७१ अंश सेल्सिअस झालेच पाहिजे. ही पायरी टाळू नये. वाळताना ओलावा उडून जातो व त्यामुळे मांस थंड राहते. अशा वेळी वाचलेले जंतू पुढे उष्णतेलाही सहसा दाद देत नाहीत. नंतर पट्ट्या सुट्या पसरून ६० ते ७० अंशांवर चार ते सहा तास वाळवाव्या. यंत्र इतक्या कमी उष्णतेवर चालत नसेल, तर मांस बाहेरून भाजते व आत ओले राहते. असे यंत्र या कामाचे नव्हे. पट्टी वाकविली असता तडकावी, पण तुटू नये. थंड झाल्यावर हवाबंद बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे.

आपल्या वाडवडिलांना काय खावे हे निवडण्याची मुभा नव्हती. ती मुभा आज आपणास आहे. त्या मातेला माझे उत्तर एवढेच : मुलगा मागे गेलेला नाही, मात्र हातात पावती आणि उष्णतामापक असल्याशिवाय त्याने यंत्र सुरू करू नये.

जय भीम!