विहीर चोरीला गेली!

फक्त कागदोपत्री खोदलेली विहीर चोरीला गेल्याची तक्रार, हा 2007 च्या ‘जाऊ तिथे खाऊ’ या मकरंद अनासपुरे यांच्या मराठी चित्रपटाचा गाभा. श्याम बेनेगल यांच्या ‘वेल डन अब्बा’तही (2010) अशीच विहीर हरवते. 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळताना पाहिलेल्या जालन्याच्या शेतकऱ्याला कागदावरच्या विहिरीचं दुखणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथं व्यंग जमतं, कारण तक्रारदार हसत नाही. विहीर नव्हतीच म्हणावं, तर पूर्णत्वाचा दाखला खोटा ठरतो. होती म्हणावं, तर ती शोधून द्यावी लागते. दाखला देणाऱ्या साहेबांची खरी पंचाईत! पात्रंच प्रेक्षकाला डोळा मारू लागली, किंवा शेवटी नायक भाषण ठोकू लागला, की मात्र सगळं ओम फस्. टीव्हीवरच्या ठसकेबाज पार्श्वसंगीतानंही तेच होतं.