शंख, चक्र आणि पोलिसांचे दफ्तर
गुन्हा शोधणारे यंत्र म्हटले की आजचा संगणक डोळ्यांपुढे येतो. आम्हांला मात्र कलकत्त्याचे एक कपाट आठवते. १८९७ साली तेथे ठशांचे दफ्तर निघाले. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी फौजदारांनी बोटांवरच्या शंखचक्रांची अशी गणती बसवली, की कारकुनाने १०२४ खणांपैकी नेमक्या खणात हात घालावा! पद्धतीला नाव मात्र लागले हेन्रीसाहेबाचे, ते असो.

२०२२ पासून देशभरचे ठसे 'नाफिस' या संगणकयंत्रणेत पडताळले जातात. चोर परप्रांतात पळाला तरी बोटे बरोबरच नेतो. हा लाभ आम्ही नाकारीत नाही.

पण दफ्तरात कोणाला घालायचे, हे यंत्र ठरवीत नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या माणसाचे ठसे गुन्ह्यावाचूनही घेता येत. आमचे पारधी त्यात भरडले गेले. गुन्हेगार जमातींचे कायदे १९५२ साली गेले. २०२२ चा नवा कायदा नोंदी ७५ वर्षे ठेवतो. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर, न्यायालयाने अन्यथा सांगितले नसल्यास, नोंद नष्ट करावी म्हणतो. त्यासाठी विनंती नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करायची. पालावरच्या पारध्याला तो अर्ज कोण लिहून देणार?