निवडणुकीची सभा आणि निषेधाचा हक्क

(धम्मदीक्षा घेतलेल्या सातारा व सांगली भागातील कुटुंबांपुढे सातारा येथे दिलेले व्याख्यान)



बुद्धविहारात निवडणुकीच्या सभांविषयी बोलावयास हा वकील कशाला उभा राहिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपण घेतलेल्या दीक्षेतच आहे. बावीस प्रतिज्ञांत समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, अशीही एक प्रतिज्ञा आहे. विहारात शेजारी शेजारी बसल्याने तेवढी समता येत नाही. जो मनुष्य आपले मत मागावयास येतो, त्याच्यापुढे ताठ मानेने उभे राहून त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याने तो ऐकून घेतला पाहिजे. ज्या सातारा शहरात आपण आज जमलो आहोत, तेथील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. वर्गात त्याला इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे. त्याच मुलाने पुढे या देशातील प्रत्येक प्रौढ माणसाच्या हाती एक मत देणारी राज्यघटना सिद्ध केली. पाच वर्षांतून एकदा ते मत द्यावे आणि मधल्या काळात मुकाट राहावे, असा त्या घटनेचा अर्थ नव्हे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका तरुणाचे काम माझ्याकडे आले. त्यांच्या वस्तीपासून स्मशानभूमीपर्यंत वाट नव्हती. पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून जावे लागे आणि शेतमालक हटकत असे. हा तरुण एका उमेदवाराच्या सभेत उभा राहिला आणि मागील निवडणुकीत कबूल केलेली वाट कोठे आहे, एवढेच त्याने विचारले. उमेदवार हसला. याला कोणी पाठविले ते मला ठाऊक आहे, असे तो ध्वनिक्षेपकावरून म्हणाला. तोच मागून चार कार्यकर्ते आले आणि त्यांनी त्याची गचांडी धरली. त्याच्या मित्रांना ते सहन झाले नाही. ढकलाढकली झाली, आणि सोडवावयास आलेल्या शिपायाची टोपी खाली पडली. रात्री गुन्हा नोंदला गेला तो त्या तरुणावर. सरकारी कामात अडथळा, कलम ३५३! चार वर्षे तो कोर्टाच्या तारखांना येत होता. त्याची आई भाकरी बांधून घेऊन प्रत्येक तारखेला बरोबर येई. अखेर तो निर्दोष सुटला. परंतु पोलीस भरतीचे त्याचे वय त्या चार वर्षांत निघून गेले होते. आणि वाट? ती झाली नाही.

मी त्या आईला काय सांगावयाचे? मुलाने प्रश्न विचारावयास नको होता, असे मी कधीही सांगणार नाही. परंतु प्रश्न कसा विचारावा आणि तो विचारला असता कायदा कोणाच्या बाजूला किती उभा राहतो, हे त्याला आधी कोणी सांगितले असते, तर ती चार वर्षे वाचली असती. म्हणून आज हा विषय मी निवडला आहे.

पुढारी निषेधाला कसा सामोरा जातो, यावर लोकांचे भवितव्य किती अवलंबून असते, हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत दिसून आले. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईच्या चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. लोकांचा क्षोभ समोर दिसत असताना त्यांनी लोकांना डिवचणारी भाषा वापरली आणि सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला व त्यात पंधरा माणसे मरण पावली. त्या चळवळीत पुढे शंभराहून अधिक लोकांचे बळी पडले.

यानंतर दोनच वर्षांनी, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, आपल्या सातारा जिल्ह्यात प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी पंतप्रधान नेहरू आले. मुख्यमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षीच्या निवडणुकीत साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेवर निवडून दिले होते, त्यामुळे लोकमत कोठे आहे हे कोणालाही सांगावे लागत नव्हते. संयुक्त महाराष्ट्र समितीने, जिच्यात आपला पक्षही सामील होता, वाई व पसरणी घाटाच्या वाटेवर हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे केले. ती निशाणे पंतप्रधानांनी पाहिली. गोळी सुटली नाही. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ते केवळ त्या एका दिवसामुळे झाले, असे मी म्हणत नाही. परंतु काळे निशाण पाहूनही राज्य कोसळत नाही, उलट राज्यकर्त्याला लोकांचे मन कळते, हा धडा याच जिल्ह्याच्या घाटात मिळाला आहे.

आता अलीकडची दोन उदाहरणे घेऊ. २०१३ च्या दुष्काळात धरणातून पाणी सोडावे म्हणून सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसला होता. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी एका जाहीर सभेत त्याची हीन शब्दांत थट्टा केली. महाराष्ट्रभर संताप उसळला. त्यांना क्षमा मागावी लागली, आणि १४ एप्रिल २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्याच दिवशी, कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी त्यांनी दिवसभर आत्मक्लेश केला. व्यासपीठावरून फेकलेला शब्द परत घेण्यास किती कष्ट पडतात, हे यावरून दिसते. परंतु हेही ध्यानात घ्या की, पुढाऱ्याच्या पश्चात्तापाने रान भिजत नाही. थट्टेबद्दल क्षमा मिळाली, तरी पाण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावाच लागतो.

दुसरे उदाहरण सांगलीचे. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यातून जात असता स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या व अंडी फेकली. कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले होते, आणि त्यांची तक्रार खरी होती. परंतु लोकांच्या स्मरणात काय राहिले? कोंबड्या राहिल्या, बुडालेल्या पैशांचा प्रश्न मागे पडला. ज्या निषेधात वस्तू फेकली जाते, त्यात उमेदवाराला उत्तर द्यावेच लागत नाही. पोलीस पुढे होतात आणि तो गाडीची काच वर करून निघून जातो.

आता कायद्याकडे वळू. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणाचे आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. निदर्शन हाही विचार व्यक्त करण्याचा एक प्रकार होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केले. तेव्हा दंडाला काळी फीत बांधणे, फलक धरून शांतपणे उभे राहणे, निवेदन देणे, हा गुन्हा नव्हे.

परंतु सभा बोलावणाऱ्यालाही त्याच अनुच्छेदाचे संरक्षण आहे, हे विसरू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे, लोकसभा वा विधानसभा निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून मतदानाच्या दिवसापर्यंत, राजकीय सभेचे काम बंद पाडण्याच्या हेतूने गोंधळ घालणे हा गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सभेच्या अध्यक्षाने विनंती केल्यास पोलीस अधिकारी गोंधळ घालणाऱ्याचे नाव व पत्ता विचारू शकतो, आणि नाव सांगण्यास नकार दिल्यास वॉरंटावाचून अटकही करू शकतो. म्हणून माझे सांगणे असे की, पोलिसाने नाव विचारले तर ते खरे आणि मोठ्याने सांगावे. प्रश्न विचारणाऱ्याला नाव लपविण्याचे कारण नाही.

आणि उमेदवारावर कोणते बंधन आहे? निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे की, सभेत कोणी अडथळा आणल्यास संयोजकांनी पोलिसांची मदत घ्यावी; त्या माणसावर स्वतः कारवाई करू नये. म्हणजे त्या तरुणाची गचांडी धरणारे कार्यकर्ते आचारसंहिता मोडीत होते. याच आचारसंहितेने एका पक्षाच्या लोकांनी दुसऱ्या पक्षाच्या सभा उधळण्यास, तसेच कोणाच्या घरासमोर निदर्शने करण्यासही मनाई केली आहे. ती आपणही पाळली पाहिजे. सभेत कोणी जातीवरून शिवी दिली, किंवा अमक्यालाच मत दे म्हणून धमकावले, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या पाठीशी आहे. बौद्ध झाल्याने ते संरक्षण गेले, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींचा हक्क कायम केला आहे.

पुष्कळदा सभेच्या आदल्या दिवशीच आपल्या कार्यकर्त्यांना पोलिसांची नोटीस येते. पूर्वी तिला १४९ ची नोटीस म्हणत. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि तिचे कलम १६८ झाले. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. ती घ्यावी, तिची प्रत जपावी आणि आपण शांततेने निवेदन देणार आहोत असे लेखी उत्तर द्यावे. प्रतिबंधक अटक, जी पूर्वी १५१ खाली होत असे, ती आता कलम १७० खाली होते, आणि तिच्या आधारे चोवीस तासांपेक्षा अधिक काळ अडकवून ठेवता येत नाही. जुने ३५३ आता नव्या न्याय संहितेत १३२ झाले आहे. आकडे बदलले, तरी त्या कलमाची झळ तीच आहे.

येथे कोणी विचारील, बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत, सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रहाचे मार्ग सोडून द्यावेत असे सांगितले होते ना? होय, सांगितले होते. परंतु मत मागणाऱ्यास सभेत प्रश्न करणे याहून सनदशीर मार्ग कोणता? आपल्या लोकांनी १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशभर लढा दिला, तेव्हा बौद्धांना सवलती मिळाव्यात ही मागणी लेखी होती आणि तिला क्रमांक होता. २०२३ साली मिरज तालुक्यातील बेडग येथे बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली, तेव्हा तेथील आपली कुटुंबे बिऱ्हाड घेऊन मुंबईच्या दिशेने पायी निघाली. आपला वारसा हा असा आहे. मागणी स्पष्ट असावी, माणसे एकत्र असावीत आणि हात रिकामे असावेत.

म्हणून मी काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो. सभेला एकट्याने जाऊ नये. पाच-सहा जणांनी जावे, आणि त्यांत भगिनी असाव्यात. प्रश्न एकच असावा. तो आधी कागदावर लिहून त्यावर वस्तीतील लोकांच्या सह्या घ्याव्यात. भाषण चालू असता मध्ये ओरडू नये. भाषण संपताच उभे राहून अध्यक्षांची परवानगी मागावी. परवानगी नाकारली, तर कागद व्यासपीठावर द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि शांतपणे बाहेर यावे. कोणी ढकलले तरी उलट ढकलू नये. कोणी ढकलले ते दोघांनी पाहून ठेवावे व त्याच रात्री तक्रार द्यावी.

मग उमेदवार काय करतो ते पाहा. जो प्रश्न येण्यापूर्वीच तुम्हाला पोलिसांकरवी दूर ठेवतो, तो निवडून आल्यावर तुम्हाला दाराशी उभे करील असे समजू नका. जो हसतो आणि तुम्हाला विरोधकाने पाठविले म्हणतो, त्याच्या मते तुम्हाला स्वतःचे डोकेच नाही. जो गोड बोलून निवेदन खिशात घालतो, त्याला तारीख विचारा. आणि जो थांबतो, कागद वाचतो, हे माझ्या हातून होईल व हे होणार नाही असे स्पष्ट सांगतो, त्याचे उत्तर तुम्हाला कडू लागले तरी त्याने तुम्हाला नागरिक मानले आहे. मत कोणाला द्यावे हे मी सांगणार नाही. परंतु उमेदवाराची ही परीक्षा घेतल्यावाचून मत देऊ नये, एवढे निश्चित सांगेन.

ही कसोटी माझ्या पदरची नव्हे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात तथागतांनी भिक्खूंना समजावले आहे की, कोणी माझी, धम्माची वा संघाची निंदा केली तर रागावू नका. कारण रागावलात, तर तो बोलला ते खरे की खोटे हेच तुम्हाला ओळखता येणार नाही. जे खोटे असेल ते खोटे म्हणून दाखवून द्या. ज्यांच्या नावाने कोट्यवधी लोक शरण जातात, त्यांनी निंदकाचे बोलणेसुद्धा तपासून पाहावयास सांगितले. मग पाच वर्षांसाठी निवडून जाऊ पाहणाऱ्या माणसाला स्मशानाची वाट विचारणाऱ्या मुलावर रागावण्याचा काय अधिकार? आणि तीच शिकवण आपल्यालाही लागू आहे. आपण रागावलो, तर आपला प्रश्न खरा असूनही कोणाला ऐकू येणार नाही.

तो तरुण आज भरतीचे वय ओलांडून गेला आहे. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला होता, कोर्टाच्या कामासाठी नव्हे. वाटेसाठी नवे निवेदन लिहून त्याने आणले होते आणि त्यावर वस्तीतील त्रेसष्ट सह्या होत्या. पहिली सही त्याच्या आईची होती. ते निवेदन घेऊन येत्या निवडणुकीच्या सभेत तो पुन्हा उभा राहणार आहे. या वेळी तो एकटा नसावा, एवढेच मला आपल्यापाशी मागावयाचे आहे.

जयभीम!