जुन्या ट्रकची चासी

मंडळी, १९५४ साली जमशेदपुरास टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. तसला एखादा जुना ट्रक मावळात तुम्ही पुन्हा उभा करणार असाल, तर रंगाचा डबा आधी उघडू नका. बोरघाट उतरताना मालाचा सारा भार चासीवर असतो. हातोडीनं ठोकत चला. खणखणीत वाजलं तर लोखंड शाबूत. बद्द वाजलं की गंजानं आतून खाल्लेलं. रिबिटाभोवती तांबडा ओघळ दिसला, तर ते ढिलं झालंय असा संशय घ्यावा. दोरीनं कोपऱ्याकोपऱ्याची तिरपी मापं घ्या. दोन्ही सारखी नसली तर चासी वाकडी. मग गंज तारेच्या ब्रशानं खरवडून, थिनरनं पुसून, त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. हे काम उन्हाळ्यातच करावे. लोणावळ्याच्या पावसात उघडं लोखंड रात्रीतून तांबडं होतं! आणि हो, पाणी निघायची भोकं रंगानं बुजवू नका.