साथीच्या काळातील मतदान
(वालूर, जि. परभणी येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



पाणी कितीही खोल गेले तरी आपल्या गावच्या बारवेच्या पायऱ्या माणसाला तेथवर नेतात. मतदानाच्या हक्कालाही अशाच पायऱ्या लागतात.

मार्च 2020 मध्ये करोनाची साथ पसरू लागताच राज्यातील ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक आले. जीवितरक्षणासाठी हे आवश्यक होते. परंतु तितके दिवस कारभार गावाने निवडलेल्या हाती राहिला नाही. अखेर 15 जानेवारी 2021 रोजी मतदान झाले आणि साथ सरलेली नसतानाही सुमारे 79 टक्के मतदारांनी हक्क बजावला.

हे केवळ उत्साहाने घडत नाही. त्याआधी, 2020 च्या अखेरीस बिहार विधानसभेची निवडणूक झाली. तेथे एका केंद्रावरील मतदारांची मर्यादा दीड हजारावरून एक हजारावर आणली गेली आणि बाधितांसाठी अखेरचा तास राखून ठेवला गेला. मतदान 2015 पेक्षा किंचित अधिकच झाले. सोय झाली की भीती ओसरते.

तथापि, टक्केवारीवर समाधान मानू नये. जानेवारी हा ऊसतोडीचा हंगाम. फडावर गेलेल्या मजुराला आणि अंथरुणास खिळलेल्या वृद्धेला मतदान केंद्र सारखेच दूर असते. साथ हे अंतर वाढविते इतकेच. म्हणून अशा मतदारांची नोंद गावाने आधीच करून ठेवावी आणि त्यांच्या येण्याजाण्याचा विचार ग्रामसभेत व्हावा. पुढील संकट येण्यापूर्वी या पायऱ्या बांधून ठेवणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.